ईशान्येच्या कोपऱ्यात साचणारा आवाज

नित्या,

उद्या नातीची, प्रणालीची हळद. आणि आज दुपारी हॉलमध्ये तू सांगितलं होतंस ते झालं. थोडंफार नाही, तू बोलला होतास त्याच क्रमानं झालं. माझा हात खिशात गेला, फोन काढला, तुझं नाव लावलं. वाजत राहिला. मग पलीकडून तुझ्या बायकोचा, सुचिताचा आवाज आला, "मामा?" आणि मला कळेना, आता या पोरीला काय सांगू. चुकून लागला म्हटलं आणि ठेवून दिला.

तुला जाऊन महिना होत आला. चार दिवसांचा ताप, आणि माणूस नाही. "साधा ताप हाय मामा, गोळी घेतलीय," म्हणालास. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्यांत पुढं काय होणार ते सांगत फिरलास आणि स्वतःच्या अंगात काय चाललंय त्याचा पत्ता नाही. मला राग आहे त्याचा. तो राग आधी सांगून टाकतो, बाकीचं मागून.

तुझी आई, माझी बहीण, तू चालायला लागायच्या आधी गेली. म्हणून रोह्याची शाळा सुटली की तू गाडीत बसून जिते स्टेशनला उतरायचास आणि सुट्टी संपेपर्यंत आमचा असायचास. बाकीची पोरं खाडीत चिंबोऱ्या धरायला जायची. तू ओटीवरच्या रिकाम्या रांजणात डोकं घालून हूं हूं करत बसायचास. आवाज वर-खाली करता करता एका जागी रांजण स्वतःच घुमायला लागायचा, आणि मग तू तेवढाच धरून ठेवायचास. घरभर ते घुमणं. तुझी मामी ओरडायची, "बाहेर निघ रं, भूत शिरंल अंगात!" तू डोकं काढून म्हणायचास, "मामी, रांजणाला हाच सूर आवडतो." तेव्हा मी हसलो होतो. आता ते घुमणं आठवलं की बरं वाटत नाही. कारण आपल्या हॉललाही एक सूर आहे. तो तूच शोधलास. आणि तो चांगला नाही.

मोठा झालास, शिकलास, आणि खोल्या बांधायच्या आधीच त्यांतला आवाज सांगायचं काम करायला लागलास. रोह्याच्या कंपन्यांतल्या मशीनच्या खोल्या, मुंबईची थिएटरं. मी तुला कायम विचारायचो, "न बांधलेल्या खोलीचा आवाज तुला कसा ऐकू येतो रे? तू काय भगत?" पण पेणच्या बाजारात कुणी विचारलं, भाचा काय करतो, तर मी उभा राहून सांगायचो. भाजीवालीला पण सांगितलंय. हे तुला कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर डोक्यावर बसला असतास.

मग गावाचा हॉल निघाला. कमिटीचा अध्यक्ष मी. गावात चार आळ्या, आणि आपल्या गावात कुठलंही काम काढलं की आधी भांडण, मग काम. म्हणून मी ठरवलं, एकेका आळीनं एकेक भिंत बांधायची. चारही भिंती सारख्या, टेपनं मोजून. कुणाची लांब नाही, कुणाची आखूड नाही. भांडण मिटलं. तसा निवाडा गावात दुसऱ्या कुणाला सुचला नसता, हे मी आजही म्हणतो.

तू नकाशा बघितलास आणि तोंड वाकडं केलंस. "मामा, चौकोन नको. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्हीकडचा सूर एकच होतो. दोघं एकदमच कोपऱ्यात येऊन बसतात. एक भिंत हातभर तिरकी घे, जमून जाईल."

"कुठल्या आळीची?" मी विचारलं.

तू नकाशाची घडी घातलीस. एवढा शिकलेला, पण याचं उत्तर तुझ्याकडं नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं, पण मला उत्तर नको होतं, मला चौकोन हवा होता. तिरकी भिंत मी बांधली नाही. आज परत विचारलंस तरी बांधणार नाही. ज्या आळीची भिंत तिरकी झाली असती तिनं हॉलमध्ये पाय टाकला नसता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तू मला ओटीवर बसवून समजावलंस. मी समजून घेणार नाही असं ठरवून बसलो होतो. तू म्हणालास, हॉलमधल्या हवेचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, मिठागराच्या वाफ्यांसारखे. प्रत्येक वाफ्याला विचारायचं, शेजारचा तुला किती दाबतोय? त्यावरून पुढच्या घटकेला त्याचं काय होईल ते काढायचं. मग परत सगळ्यांना विचारायचं. असं सेकंदाचे बारीक तुकडे करून विचारत राहायचं, की आवाज कसा पसरला, कुठं आपटला, कुठं साचला ते दिसतं. आयुष्य मिठागरात गेलं माझं. वाऱ्यानं एका वाफ्यातलं पाणी बांधाला कसं चढतं ते मला सांगायला नको.

"वाफे केवढे पाडलेस?" मी विचारलं.

तू मांडीवर थाप मारलीस. "मामा, इथंच सगळं अडतं! बारीक आवाजाला वाफे बारीक लागतात, मग कंप्युटर दमतो. जाड आवाजाला मोठे चालतात. आणि मला भीती जाडाचीच हाय, बेसची."

मग मामीची परात घेतलीस, पाणी ओतलंस, आणि हळूहळू हलवायला लागलास. पाणी काठाला चढायचं, उतरायचं, समोरच्या काठाला चढायचं. मधे मात्र हलत नव्हतं. मधे सोडलेला तांदळाचा दाणा आपल्या जागी होता. "जाड आवाज असा. मधे काय नाय. काठाला सगळं. आणि दोन काठ मिळतात तिथं दुप्पट." मामीनं परात हिसकावून घेतली, म्हणाली, सकाळच्या भाकऱ्यांचं पीठ मळायचंय त्यात.

तुझी एक चूक मी काढली, ती पण लिहून ठेवतो. तू दारं बंद धरली होतीस. मी म्हटलं, "हळदीला आपल्यात दारं कोण लावतं रे? बाहेर मंडप, आत-बाहेर माणसं." तू जीभ चावलीस. दारं उघडी धरून सगळं परत काढलंस. कंप्युटरच्या पडद्यावर हॉल निळा-हिरवा झाला, बरं वाटलं. पण दारांपासून लांबचा, आवाज साचणारा एक कोपरा लालच राहिला. ईशान्येचा.

आणि ईशान्येला देवक. हळद जिथं, देवक तिथं, आणि देवक जिथं, लग्नाची गाणी, धवले, म्हणणारी धवलारीण तिथं. तुझ्या मामीनं चाळीस वर्षं लोकांच्या पोरींचे धवले गायलेत, म्हातारी माणसं नि तान्ही पोरं पण तिच्याच भोवती बसवायची, कारण तो कोपरा डीजेपासून लांब. आपल्याकडं सगळे असंच करतात. लांब म्हणजे शांत. हे कुणी शिकवायला लागत नाही.

प्लास्टर झाल्यावर तू स्पीकरचा एक खोका आणलास आणि एकच जाड सूर लावून मला हॉलभर चालवलंस. मधे आलो तर वाटलं, तू बंद केलास. "चालू हाय, मामा." पुढं गेलो. ईशान्येच्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि माझी कवळी तोंडात वाजली.

"आता?" तू लांबून विचारलंस.

"आता हाय. म्हणून काय भिंत पाडू?"

तू हसलास. मग हसायचा थांबलास. मामीच्या छातीत हृदयाचं मशीन बसवून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. पेणच्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, वरातीत डीजेच्या जवळ जायचं नाही. ती जात पण नाही. ती कोपऱ्यात बसते.

आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं. प्रणालीची हळद ठरली तेव्हा. तू आधी अभिनंदन केलंस, मग विचारलंस, "मामी कुठं बसणार?"

"देवकाजवळ. आणि कुठं?"

"डीजे कसा लावणार?"

"खोके स्टेजवर, आणि बबन आपलं मशीन घेऊन मधे उभा. सगळीकडं असंच असतं."

मग एकेक शब्द सावकाश बोललास, जसं मी बहिरा आहे. "मामा, बबनला मधे जाड आवाज ऐकूच येणार नाय. तो म्हणंल, बेस नाय. वाढवंल. परत म्हणंल, नाय. परत वाढवंल. त्याला वाटंल काय होतंच नाय, आणि ते सगळं मामीच्या कोपऱ्यात जाईल."

मी म्हटलं, "माणसं भरली की आवाज मरतो. रिकाम्या हॉलची गणितं मला सांगू नको."

"जाड आवाज माणसं पीत नाय, मामा. पन तुझं एक खरं. माणसं घातली नव्हती मी. घालून बघतो."

"बघ. देव तुझ्या लाल रंगाला भिऊन कोपरा सोडत नाय."

फोन मी ठेवला. पुढं तू तापात पडलास.

दहाव्याला रोह्याला आलो. कुंडलिकेवर सगळं उरकून घरी आलो तर आतल्या खोलीतून घूं घूं आवाज येत होता. सुचिता म्हणाली, "मामा, ह्यांनी सांगितलंन होतं, बंद करू नको. हॉलचं चाललंय. माणसं घातलीत म्हणाले. वेळ लागंल." तुझा मोठा कंप्युटर. पडद्यावर आपला चौकोन, त्यात माणसांचे ठिपके, आणि खाली आकडे धावत होते. तू नदीवर राख झालेलास, आणि तुझं काम तुझ्यावाचून पुढं चाललं होतं. मी खुर्ची ओढून समोर बसलो. टेबल गरम होतं. त्या ठिपक्यांतला एखादा मामीचा असेल, तू नक्की कोपऱ्यात ठेवला असशील, पण कुठला ते कळेना. मला वाटलं, थांबलो तर उत्तर येईल. माझ्यासाठीच तर लावलं होतंस.

लाईट गेली. इन्व्हर्टरनं आठवडाभर सांभाळलं होतं, त्या दिवशी तोही बसला. घूं घूं थांबली आणि घरात असं शांत झालं की सुचिता दारातच खाली बसली. दहा दिवसांत तेव्हा पहिल्यांदा रडली. मी तिला म्हटलं, "राहू दे गो, राहू दे." दुसरं काय बोलणार? परत लावायचं कसं ते तिला माहीत नाही, मला नाही. माणसं भरल्यावर त्या कोपऱ्यात काय होतं, हे तुझं मला सांगायचं राहिलं. आपलं भांडण तिथं तुटलंय.

आता आजचं.

दुपारी बबन खोके घेऊन आला. बाहेरच ओरडला, "आबा, कानाला कापूस आनलाव का?"

"तुझ्या बापाच्या वरातीत फटाक्यांच्या माळेवर नाचलोय मी. कापूस तुझ्या मशीनला लाव."

पोरं हसली. खोके स्टेजवर चढले, बबन मधे टेबल लावून उभा राहिला. मी ईशान्येला देवकासाठी पाट मांडत होतो. गाणं लागलं. बबननं मान हलवली. "बेस येत नाय रं! वायर बघ."

"वायर बरोबर हाय," स्टेजवरून कुणीतरी.

बबननं बटन फिरवलं. माझ्या पाठीत काहीतरी आलं. मागं वळलो तर कुणी नाही. "नाय रं, अजून नाय," बबन म्हणाला, आणि परत फिरवलं. खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. भिंतीवरची पाल सुटून पाटावर पडली आणि उठून पळालीसुद्धा नाही, तशीच पडून राहिली. मी भिंतीला हात लावला तर भिंत आतून धडधडत होती, जनावराच्या पोटासारखी. मला ओरडायचं होतं. श्वास येईना. छातीत माझं काय आणि गाण्याचं काय हे वेगळं कळेना. आणि समोर बबन, माझ्याकडं तोंड करून, हसतोय आणि म्हणतोय, "येतच नाय!" तुझं बोलणं त्याच्या तोंडून येत होतं, नित्या. एक शब्द इकडचा तिकडं नाही. तिसऱ्यांदा त्याचा हात बटनाकडं जाताना बघितला आणि मी पाट उचलून जमिनीवर आपटला. तेव्हा कुठं त्याचं लक्ष गेलं आणि बंद केलंन.

"इकडं ये," मी म्हटलं. "इथं उभा राहा. आणि कुणाला तरी लावायला सांग."

बबन उभा राहिला. गाणं लागलं. त्याचं हसू गेलं. त्यानं छातीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, बंद कर. "आबा, हे काय हाय? खोके तिकडं नि आवाज इकडं?"

"माझ्या भाच्यानं सांगितलेलं," मी म्हटलं. मोठ्यानं. स्टेजवरच्यांनाही ऐकू जाईल असं. एवढं तुझ्या हयातीत कधी म्हटलं नव्हतं.

मग मला सुचलं. देवक हलणार नाही, मामी हलणार नाही, भिंत तर नाहीच. बबन हलेल. "उद्या तुझं टेबल इथं लाव. या कोपऱ्यात."

"इथनं नाचणारी दिसनार नाय."

"ऐकू तर येईल."

त्यानं टेबल आणलं, गाणं लावलं आणि आपल्याच हातानं आवाज खाली आणला. मी सांगायची गरज पडली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हे तुझ्या गणितात होतं का रे? असतं तर तू फोनवर बोलला असतास. नसेल तर हा डाव माझा. मानायला तू पाहिजे होतास, तोंड वाकडं करून का होईना.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. मधे चार-पाच पोरं नाचून बघत होती. आवाज खाली आला तशी ती थांबली. "बबन्या, आवाज कुठं गेला? वाढव की!" खरंच तिथं काही नव्हतं, ती खोटं बोलत नव्हती. बबननं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि त्याचा हात बटनाकडं गेला. फिरवलं नाही. पण गेला. आज पाच पोरं आहेत आणि शुद्धीत आहेत. उद्या सगळं गाव असेल आणि निम्म्यांच्या पोटात दारू असेल.

घरी येऊन म्हटलं, डीजे नको. प्रणाली म्हणाली, "मग हळदच नको, आजोबा," आणि आत जाऊन दार लावलंन. मामीनं पण तिचीच बाजू घेतली. "पोरीची एकदाच हौस. वाजूंदे." ज्या बाईसाठी मी भांडतोय तीच माझ्या विरुद्ध. सगळं तुला ठाऊक आहे, तिनं तुझीही बाजू माझ्याविरुद्ध अशीच घेतली आयुष्यभर.

आणखी एक सांगतो, मनात ठेवून झोप येणार नाही. आपला हॉल बघायला लोक येतात. खाडीकडच्या गावांतून आले, परवा डोलवीकडून आले. टेप लावून चारही भिंती मोजतात आणि म्हणतात, वा, भांडणच नाही, आम्ही पण असाच बांधतो. बांधतायत. प्रत्येकाला ईशान्येचा कोपरा असणार, आणि त्यात कुणाची तरी धवलारीण. मी काय सांगू त्यांना? सांगणारा तू होतास. माझं कोण ऐकतो? मी तरी तुझं कुठं ऐकलं.

आता संध्याकाळी मामी ओटीवर सुपारी कातरत बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं वर न बघता विचारलं, "उद्या तुमी कुठं बसनार?"

"तुझ्याजवळ. तुझ्या आणि बबनच्या मधे."

"धवल्यांत बाप्ये बसत नाय."

"मी बसंन."

अडकित्ता थांबला. "नित्यानं सांगितलान काय?"

"व्हय."

ती अडकित्ता मांडीवर ठेवून अंगणाकडं वळली. तू गेल्याचं कळलं त्या दिवशी पण अशीच बसली होती. मग म्हणाली, "त्याला एक म्हाईत असंल. धवला धरला की पुरा झाल्याबिगर उठत नाय. मधी तुटला तर नवरीला वाईट."

"म्हाईत होतं त्याला."

"मग झालं तर," म्हणाली, आणि परत कातरायला लागली.

उद्या बबनचा हात माझ्या हातापासून वीतभर लांब असेल. पोरं मधून ओरडत राहतील. ती उठणार नाही, नित्या. मीपण नाय.